शरदात आधी जीभ बघा, मग नाशपती शिजवा: चिनी ऋतुचर्येची पहिली ओळख

'ऑटम डिटॉक्स'च्या नावाखाली चिनी वैद्यकाच्या माथी बरंच काही मारलं जातं. सात दिवसांचे ज्यूस, पोट साफ करणारे चहा, रात्री तळपायाला लावायच्या आणि सकाळी काळ्या पडणाऱ्या पट्ट्या. चिनी परंपरेत शरदासाठी जे सांगितलं आहे ते याच्या जवळजवळ उलट आहे. उन्हाळ्यात घाम गाळून शरीर थकलेलं असतं आणि हवा दिवसेंदिवस कोरडी होत जाते. अशा वेळी शरीरातून आणखी काही बाहेर काढू नका, आहे तो ओलावा जपा आणि हिवाळ्यासाठी शिल्लक टाका, असा तो साधा सल्ला.

आपल्याला तो चटकन पटत नाही, कारण आपल्या शरदाचं शास्त्र वेगळं. वर्षा ऋतूत साठलेलं पित्त शरदाच्या उन्हात खवळतं म्हणून आयुर्वेदात याच काळात विरेचन (जुलाब देणं) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं) सांगितलं आहे. दोघांपैकी कोणाचं चुकतंय असं नाही, हवाच निराळी. उत्तर चीनमध्ये मोसमी वारे मागे सरले की सायबेरिया-मंगोलियाकडची कोरडी, थंड हवा खाली उतरते. ओठ फुटतात, घसा खवखवतो, त्वचा ओढल्यासारखी होते. तिथल्या वैद्यांनी शरदाचा मुख्य शत्रू म्हणून 'कोरडेपणा' पकडला आणि त्याचा पहिला फटका फुप्फुसाला बसतो असं मांडलं. या मांडणीत 'फुप्फुस' म्हणजे छातीतला अवयव एवढंच नसतं. नाक, घसा, त्वचा, अंगावरची लव हे सगळं त्याच खात्यात येतं, आणि मोठं आतडं हे त्याचं जोडीदार मानलं जातं. एवढं ध्यानात घेतलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. फक्त वैद्यांकडून पंचकर्म चालू असेल तर त्याच महिन्यात हे प्रयोग सुरू करू नका.

पहिली पायरी: तुमचा शरद कधी येतो?

चिनी कालगणनेत सूर्याच्या गतीवरून वर्षाचे २४ भाग पाडले आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोने ही पद्धत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. यातले सहा भाग शरदाचे. ७ ऑगस्टच्या सुमारास ली-छ्यू म्हणजे शरदारंभ, २३ ऑगस्टला छू-शू म्हणजे उष्म्याची अखेर, ७ सप्टेंबरला पाय-लू म्हणजे पांढरं दव, २३ सप्टेंबरला छ्यू-फन म्हणजे संपात (दिवस-रात्र सारखे), ८ ऑक्टोबरला हान-लू म्हणजे थंड दव आणि २३ ऑक्टोबरला श्वांग-च्यांग म्हणजे दव गोठून पडायची सुरुवात. दरवर्षी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. ७ नोव्हेंबरच्या आसपास ली-तुंग लागलं की हिवाळा.

शरदारंभ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वाचून हसू नका. तो लागतो तेव्हा कडक उन्हाळ्याचा शेवटचा टप्पा बाकीच असतो हे चिनी माणसालाही ठाऊक असतं. ली-छ्यूनंतर परतून येणाऱ्या उकाड्याला ते 'शरदाचा वाघ' म्हणतात. आपली ऑक्टोबर हीट म्हणजे याच वाघाचा भाऊबंद.

म्हणून तारखेवर जाऊ नका. चीनच्या हवामानशास्त्रात शरद कधी धरायचा याचा वेगळा निकष आहे. सलग पाच दिवसांचं सरासरी तापमान २२ अंशांच्या खाली गेलं की शरद, १० अंशांच्या खाली गेलं की हिवाळा. सरासरी म्हणजे दिवस-रात्र मिळून. हे माप लावलं तर पुणे-नाशिकला हा शरद नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास येतो, आणि मुंबई-पणजीला जवळजवळ येतच नाही. सिंगापूरच्या मराठी मंडळींनी तर त्याची वाटच बघू नये. लंडन, टोरांटो, न्यू जर्सीत राहणाऱ्यांना मात्र बीजिंगचं वेळापत्रक बऱ्यापैकी लागू पडेल.

दुसरी पायरी: जीभ बघा

नवखे लोक हीच पायरी गाळतात आणि थेट पाककृतीवर उडी मारतात. सकाळी दात घासण्याआधी, चहा घेण्याआधी, खिडकीतल्या उजेडात आरशासमोर जीभ बाहेर काढा.

जीभ लालसर, कोरडी, वर थर पातळ किंवा नाहीच, घसा सुकलेला, पाणी प्यावंसं वाटतंय, खोकला आलाच तर कोरडा आणि कफ थोडा, चिकट: याला ते 'उष्ण कोरडेपणा' म्हणतात. शरदाच्या पहिल्या अर्ध्यात, छ्यू-फनपर्यंत, हा जास्त दिसतो. इथे थंड गुणाच्या गोष्टी चालतात, म्हणजे नाशपती, शेवंतीचा चहा, लिलीचा कंद (खाण्याच्या जातीचाच, त्याबद्दल पुढे).

अंगावर काटा, नाक चोंदलेलं, कफ पातळ, ओठ फुटलेत पण तहान फारशी नाही: हा 'थंड कोरडेपणा'. तो संपातानंतरचा. इथे कच्ची नाशपती नको. तीच आल्याच्या दोन चकत्या आणि लाल खजूर (चिनी बोर) घालून शिजवलेली चालते, शिवाय अक्रोड आणि गोडे जर्दाळूबी.

आणि जिभेवर जाड, बुळबुळीत, पांढरा-पिवळा थर असेल, जेवल्यावर पोट जड होत असेल, शौचाला पातळ होत असेल, तर तुम्ही कोरडे नाहीच, ओलसर आहात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या दमट हवेत असं पुष्कळांचं असतं. अशा माणसाने 'शरद आला' म्हणून वाटीभर बुळबुळीत गोड सूप प्यायलं तर पोट आणखी मंद होईल. त्याने आधी हलकं, शिजवलेलं, कमी तेलकट खावं आणि खालच्या पाककृती थर उतरेपर्यंत बाजूला ठेवाव्यात.

झोप आणि कपडे

हे दोन्ही फुकटचे उपाय, त्यामुळे कोणी विकत नाही. चिनी वैद्यकाच्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एकात, ह्वांगती नेयचिंगमध्ये, चारही ऋतूंच्या झोपेचे नियम आहेत. उन्हाळ्यात उशिरा निजा, लवकर उठा. शरदात लवकर निजा आणि कोंबड्याबरोबर उठा. उन्हाळ्याच्या मानाने अर्धा-पाऊण तास आधी दिवा मालवला तरी सुरुवात झाली. मोबाइल बाजूला ठेवण्याचा उपदेश मी करत नाही, तो तुम्ही रोजच ऐकता.

कपड्यांबाबत चिनी घरांत दोन म्हणी आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. एक म्हणते, वसंतात अंग झाका, शरदात थोडी थंडी सोसा. दुसरी म्हणते, पांढरं दव पडलं की अंग उघडं टाकू नका. मेळ असा घालतात: पहिल्या गारव्याला लगेच स्वेटर चढवून घाम आणू नका, कारण घाम म्हणजे ओलावा वाया. मात्र पाय-लूनंतर पोट, बेंबी, पाऊल आणि मानेची मागची बाजू झाकलेली हवी. म्हातारी माणसं, लहान मुलं, दमेकरी आणि हृदयरोगी यांनी थंडी सोसण्याच्या फंदात पडू नये.

रात्री पाय शेकायची पद्धत चीनमध्ये घरोघर आहे. घोटे बुडतील इतकं, साधारण ४० अंशांचं पाणी, १५ ते २० मिनिटं. कपाळावर घाम डवरला की थांबायचं, धारा लागू द्यायच्या नाहीत. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेली असेल तर पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका, कोपर बुडवून घ्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला बघायला सांगा.

ताटात काय बदलायचं

नियम एकच आहे: तिखट कमी, आंबट थोडं जास्त. तांग राजघराण्याच्या काळातला, म्हणजे सातव्या शतकातला वैद्य सुन सिम्याव याच्या नावावर तो सांगितला जातो. तिखट चव फुप्फुसाची, ती अति झाली की फुप्फुस माजतं आणि यकृताला दाबतं, आणि आंबट चव यकृताला सांभाळून घेते, असा त्यामागचा चिनी पंचतत्त्वांचा हिशेब. हिशेब पटो न पटो, घसा सुकलेला असताना तर्री कमी ओतावी हे कळायला वैद्य लागत नाही. आंबटात डाळिंब, द्राक्षं, सफरचंद, तिकडचं लाल हॉथॉर्न फळ. व्हिनेगरचे घोट नव्हेत.

दुसरं सूत्र पांढऱ्या रंगाचं. शरदाचा रंग पांढरा मानतात, म्हणून नाशपती, पांढरा मुळा, कमळकाकडी, कमळबी, लिलीचा कंद, चिनी याम आणि पांढरी बुरशी (अळंबीसारखी, खाण्याची) यांची यादी तयार होते. यातलं आपल्या बाजारात काय मिळतं ते पाहू. मुळा आणि नाशपती कुठेही. कमळकाकडी मोठ्या शहरांतल्या मंडईत, सिंधी वस्तीजवळ हमखास. चिनी याम आपल्या कोनफळाच्या कुळातला, पण पांढरा आणि चिकट. कोनफळ वापरलं तर चव वेगळी लागेल, बिघडत काही नाही. मखाणा ज्या वनस्पतीचा, तिचं बी चिनी लोक लाही न करता तसंच शिजवून शरदात खातात. आपल्याला लाही चालेल, पण तुपात परतून मसाला भुरभुरलेली नव्हे.

लिलीच्या कंदाबाबत मात्र जपून. तिकडे खास खाण्याची जात पिकवतात, त्यात लांचौची प्रसिद्ध. ती चिनी दुकानातून वाळवलेली मिळाली तर घ्या, नाहीतर हा पदार्थ सोडून द्या. बागेतल्या कुठल्याही लिलीचा कंद उकरून शिजवू नका. आपल्याकडची कळलावी इंग्रजीत 'लिली'च म्हणवते आणि तिचा कंद जीवघेणा विषारी आहे.

आता शरदाचा मुख्य पदार्थ, पांढऱ्या बुरशीचं आणि नाशपतीचं सूप. बुरशीला यिन-अर म्हणतात. ती वाळलेल्या पिवळट फुलासारखी दिसते आणि चिनी किराणा दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते. फार पांढरीशुभ्र असेल तर घेऊ नका, ती गंधकाचा धूर देऊन उजळ केलेली असण्याची शक्यता असते. तीन-चार वाट्यांसाठी एक मध्यम फूल थंड पाण्यात तास-दीड तास भिजवा. खालचा पिवळा कडक देठ कापून टाका आणि बाकीचं बोटांनी बारीक फाडा. जितकं बारीक, तितकं सूप दाट होतं. सहा-सात वाट्या पाण्यात मंद आंचेवर दीड तास शिजू द्या, अधूनमधून ढवळा. कुकरमध्ये एक शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर २५ मिनिटं पुरतात. पाणी खिमटासारखं बुळबुळीत झालं की एका नाशपतीच्या फोडी आणि चार-पाच खडीसाखरेचे खडे घालून आणखी २० मिनिटं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत गोजीबेरी (वाळवलेली छोटी लाल फळं). कोमट प्यायचं, संध्याकाळी चारच्या सुमारास किंवा रात्री जेवणानंतर तासाभराने. आठवड्यातून दोन-तीनदा पुष्कळ झालं.

यात एक खरा धोका आहे आणि तो डब्यावर लिहिलेला नसतो. कुठलीही वाळवलेली बुरशी रात्रभर उबदार स्वयंपाकघरात भिजत ठेवू नका. लांब भिजवण्यात एक जीवाणू वाढू शकतो. त्याचं विष, बाँगक्रेकिक आम्ल, शिजवूनही नष्ट होत नाही, आणि चीनमध्ये त्याने माणसं दगावली आहेत. विसरून रात्रभर राहिली तर सरळ फेकून द्या.

बुरशी नको असेल तर त्याहून सोपं: नाशपतीचं वरचं टोपण कापा, आतला गर-बिया चमच्याने काढा, खळग्यात दोन खडीसाखरेचे खडे टाका, टोपण लावून वाटीत ठेवा आणि मोदकपात्रात अर्धा-पाऊण तास वाफवा. साठलेल्या रसासकट खा. लहान मुलांना हे आवडतं.

बीजिंगमध्ये दुकानातून बाटली आणायची पद्धत आहे. छ्यूलीकाव म्हणजे नाशपतीचा रस आटवून केलेला काळसर पाक, त्यात आलं, लाल खजूर, खडीसाखर आणि मध. १६६९ पासून चालत आलेल्या थुंगरनथांग या औषधी दुकानातही तो मिळतो. एक-दोन चमचे कोमट पाण्यात ढवळून घेतात. आपल्या आजीला बरं वाटेल असा तपशील म्हणजे मध आंचेवर घालत नाहीत, पाक निवल्यावर घालतात. बारा महिन्यांच्या आतल्या बाळाला मध असलेलं काहीही देऊ नका. मधुमेह्यांनी हा पाक आणि खडीसाखर दोन्ही टाळून साखरेशिवायची शिजवलेली नाशपती घ्यावी, तीही आपल्या रोजच्या फळाच्या हिशेबात धरून.

गोडाचा कंटाळा आला तर वूहानकडे वळा. तिथे शरदात घरोघर कमळकाकडी आणि डुकराच्या बरगड्यांचं सूप तासन् तास शिजतं. शाकाहारी घरात तेच भिजवलेले शेंगदाणे, आलं आणि मीठ घालून छान होतं. नानचिंगमध्ये याच दिवसांत बदक खातात, कारण बदक थंड गुणाचं समजतात. मटण मात्र हिवाळ्यासाठी राखून ठेवतात. खेकड्यांचाही हा हंगाम. यांगच्छंग तळ्याचे खेकडे प्रसिद्ध, आणि ते 'थंड' म्हणून सोबत आल्याचं व्हिनेगर आणि कोमट तांदळाची दारू असतेच.

मध्य-शरद सण आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो. २०२५ मध्ये तो आणि आपली कोजागिरी ६ ऑक्टोबरला एकाच चंद्राखाली आली होती. त्या रात्रीचे मूनकेक तुपकट आणि गोड असतात. चिनी घरांतही एका केकचे चार-सहा तुकडे करून कडक चहाबरोबर वाटून खातात. आटीव दुधानंतर अख्खा केक खाऊ नका, एवढंच.

पोट: 'डिटॉक्स'च्या सर्वांत जवळची गोष्ट

मोठं आतडं फुप्फुसाचं जोडीदार, म्हणून शरदात शौच रोज आणि मऊ होणं याला चिनी वैद्य फार महत्त्व देतात. ते घडवायचं मात्र वंगणाने, ढकलून नाही. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, भाजलेल्या काळ्या तिळांची पूड एक चमचा, दुपारी एखादं फळ, रात्री शिजवलेली पालेभाजी. तिकडे हिरवा चहा उन्हाळ्याचा समजतात आणि शरदात ऊलुंगकडे, म्हणजे अर्धवट आंबवलेल्या चहाकडे वळतात. फूच्येन प्रांतातल्या आनशीच्या ऊलुंगचा शरदातला तोड नावाजलेला असतो. रिकाम्या पोटी कडक चहा नको.

रेवाचीनी आणि सोनामुखीचे 'स्लिमिंग' चहा चिनी अक्षरांच्या खोक्यात मिळतात. दोन्ही खरोखरची रेचकं आहेत, अधूनमधून बद्धकोष्ठासाठी वापरायची. महिनाभर रोज घेतली तर आतडं आळशी होतं, पोटॅशियम घसरतं आणि कोरडेपणा वाढतो, म्हणजे शरदात नेमकं नको ते. आणि शरीरातला कचरा बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंड रोज करत असतात, त्यांना खोक्यातल्या चहाची मदत लागत नाही.

श्वास, नाक आणि मन

बागेत सकाळी चिनी म्हातारी माणसं जे संथ व्यायाम करताना दिसतात, त्यातला पातुआनचिन हा आठ हालचालींचा संच नवख्यांना सोपा. चीनच्या क्रीडा प्रशासनाने त्याची प्रमाणित आवृत्ती काढली आहे, तिचे व्हिडिओ सहज सापडतात. सगळा जमेपर्यंत दुसरीच हालचाल करा: पाय फाकवून थोडं बसतं व्हा, डावीकडे-उजवीकडे धनुष्य ओढल्यासारखे हात ताणा. छाती उघडते, खांदे मोकळे होतात. त्यानंतर दातांवर दात टेकवून हवा बाहेर सोडत लांब 'स्स्स' करा, सहा वेळा. सहा ध्वनींच्या जुन्या श्वसनपद्धतीत फुप्फुसाचा ध्वनी हाच आहे.

नाक चोंदत असेल तर नाकपुडीच्या बाजूला, गालाच्या रेषेत जो खळगा लागतो, तिथे दोन्ही तर्जन्यांनी मिनिटभर गोल चोळा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावरचा बिंदूही प्रसिद्ध आहे, पण गरोदर बायकांनी तो दाबू नये.

शरदाची भावना म्हणजे शोक, असं ही परंपरा मानते. पानं गळतात, दिवस आखडतो, जीव हुरहुरतो. यावर त्यांचा उपाय घरात बसून ध्यान करण्याचा नाही, टेकडी चढण्याचा आहे. नवव्या चांद्रमासाच्या नवव्या दिवशी, छुंगयांग सणाला, लोक घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन उंचावर जातात आणि शेवंतीचं मद्य किंवा चहा पितात. तुमच्या जवळ पर्वती असेल किंवा कान्हेरी, सोबत कुणाला तरी न्या. उदासी दोन आठवड्यांपलीकडे टिकली, झोप-भूक उडाली, तर मात्र टेकडीवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा.

काय विकत घेऊ नये

वरचं सगळं स्वयंपाकघरातलं आहे. पुड्या आणि गोळ्यांची गोष्ट वेगळी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीऐवजी भलतीच, ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक रुग्णांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं निकामी झाली किंवा बिघडली. याच कुळातल्या एका औषधावर चीनने २००३ मध्ये स्वतःच बंदी घातली. तेव्हा घटक नीट लिहिलेले नसलेली 'डिटॉक्स' पुडी, कितीही जुन्या घराण्याची सांगितली तरी, नको. जर्दाळूबीतही दोन प्रकार असतात. गोडं बी सूपमध्ये चालतं; कडू बियांमधून शरीरात सायनाइड तयार होतं, ते वैद्याने मोजून दिल्याशिवाय तोंडात टाकू नका.

खोकला दोन आठवड्यांहून लांबला, कफात रक्त दिसलं, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा वजन उतरू लागलं तर नाशपती बाजूला ठेवून छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी करून घ्या. आपल्याकडे क्षयरोगाची शंका आधी फेडायची असते. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर गोजीबेरीसारखी साधी वस्तूही रोज घेण्याआधी विचारा, विशेषतः वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी. आणि विचारायला जाताना नुसतं नाव सांगू नका, पाकीट सोबत न्या.